भावाचा भाव

"नाही कसं? नीट बघा ना ताई. असं कसं काहीच नाही?"

धाकटा काउंटरवर दोन्ही कोपरे टेकून, मान वाकडी करून संगणकाच्या पडद्यात डोकावायला बघत होता. पडदा भावताईच्या बाजूला वळलेला होता, त्यामुळे त्याला काही दिसण्यासारखे नव्हते. तिने पुन्हा एकदा त्याचा नवा ग्राहक क्रमांक टाकला, पंपाच्या सीलचा क्रमांक टाकला आणि बटण दाबले. पुन्हा तेच आले. मागचा दर : व्यवहार नाही. करार दर : करार नाही. छापील दर तेवढा खाली ठळक अक्षरांत उभा होता.

"वेगळं दुकान काढल्यावर तू नवीन नावानं खातं उघडलंस ना," ती म्हणाली. "मग त्या नावावर मागचं कुठून येणार?"

"पण मी तोच आहे ना!"

"तू तोच आहेस रे. खातं नवीन आहे."

धाकट्याने कोपरे उचलले आणि उगाच काउंटरवरची धूळ पुसली. चाळिशीला आलेला माणूस, पण चेहरा शाळेत नापास झाल्यासारखा झाला होता.

भावताई हे काही तिचे खरे नाव नव्हते. पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या या कंपनीत ती कोटेशन बनवायची, म्हणजे गिऱ्हाइकाने विचारले की कोणता भाग काय भावाने पडेल ते बघून लिहून द्यायची. फोनवर कोणीतरी 'भाव सांगणाऱ्या ताई आहेत का' असे विचारले, त्याचे दुसऱ्या कोणी 'भावताई' केले आणि मग पगाराची चिठ्ठी सोडून ते सगळीकडे चिकटले. नवऱ्याला हे नाव फार आवडायचे. "जगाला भाव देते आणि घरी येऊन भाव खाते," असे तो आल्यागेल्याला सांगायचा. पहिल्यांदा ती हसली होती. आता तिला हसायचासुद्धा कंटाळा आला होता. खरे तर घरी गेल्यावर ती काहीच खात नसे. मानेला गरम पाण्याची पिशवी लावून भिंतीकडे बघत बसे, कारण भिंत तिला काही विचारत नसे.

काम तसे सोपे, आणि म्हणूनच जिवावर येणारे. एकेका भागाला तीन-तीन भाव. छापील भाव कोणालाही. मागचा भाव म्हणजे त्याच गिऱ्हाइकाने मागच्या खेपेला ज्या दराने माल नेला तो. आणि करार भाव म्हणजे जुन्या, भरवशाच्या गिऱ्हाइकाशी ठरवून ठेवलेला, सगळ्यांत कमी. पूर्वी हे सगळे फायलींत शोधावे लागायचे, आता सॉफ्टवेअरमध्ये शोधायचे. मान तेवढीच दुखते. गिऱ्हाईक मागचा मागते, कंपनीला छापील हवा असतो आणि मध्ये ही. फोनवर कोणी "कशा आहात ताई?" असे प्रेमाने विचारले की ती ओळखायची, सूट मागायची तयारी चालली आहे.

धाकट्याची गोष्ट वेगळी होती. त्याची हनुवटी काउंटरपर्यंत पोचत नव्हती तेव्हापासून तो वडिलांचे बोट धरून इथे यायचा. वडिलांचे पंपदुरुस्तीचे दुकान होते आणि कंपनीच्या जुन्या मालकांनी त्यांना करार भाव लावून दिला होता. वडील गेल्यावर थोरला भाऊ आणि हा धाकटा मिळून दुकान बघायला लागले. मग त्यांचे बिनसले. कशावरून, ते कोणालाच धड ठाऊक नव्हते. थोरल्याला विचारले तर तो म्हणे "त्यालाच विचारा", आणि धाकट्याला विचारले तर तोही तेच म्हणे. शेवटी दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत आली. थोरल्याकडे जुने नाव राहिले, नावाबरोबर जुने खाते राहिले आणि खात्याबरोबर करार. धाकट्याच्या वाट्याला अर्धी जागा आणि एक नवी पाटी आली. तेव्हापासून थोरला त्याचा उल्लेख 'समोरची पार्टी' असा करायचा, जसे काही दोघे कोर्टातच उभे आहेत.

"इस्पितळाच्या पंपघराचं वर्षभराचं काम निघालंय," धाकटा आवाज खाली आणून म्हणाला. "टेंडर उद्या दुपारी बंद होतंय. हे मिळालं तर माझं दुकान तरेल, ताई. नाहीतर शटर ओढायचं आणि कोणाच्या तरी हाताखाली जायचं. बायकोला तसं सांगून ठेवलंय."

"थोरला भरतोय?"

"काय माहीत. त्यानं भरलं तर मी संपलो. त्याला करार भाव आणि मला छापील. त्यानं झोपेत आकडा लिहिला तरी माझ्यापेक्षा कमीच येईल."

भावताईने त्याच्या हातातला यादीचा कागद घेतला. "बघते साहेबांना विचारून. काही करता आलं तर करते. संध्याकाळी ये."

"आणि ताई, हे कोणाला…"

"अरे, मी कोणाला कशाला सांगू?" असे ती म्हणाली खरी.

सकाळ फोनवर गेली. एकाला व्हॉल्व्हचा भाव हवा होता, तो सांगितल्यावर त्याने "बापरे" म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याने मागचा भाव कसा दिला होता याची कथा सांगितली, आणि तो मागचा भाव त्याचा नसून त्याच्या शेजाऱ्याचा होता असे शेवटी निघाले. दुपारी तिने पडद्यासमोरच डबा उघडला. कीबोर्डवर सांडू नये म्हणून बशीसारखा एक हात हनुवटीखाली धरून ती जेवली आणि डबा बंद करता करताच धाकट्याची यादी पुढे ओढली.

तीन सील, बेअरिंगच्या जोड्या, गॅस्केट, बारीकसारीक आणखी काही. तिने ग्राहक क्रमांक टाकला. टाकला म्हणजे बोटांनी टाकला. त्या दुकानाचा क्रमांक टाकायला तिला कधी डोके लागले नव्हते. एकेका ओळीपुढे भाव येत गेले, सगळे करारातले, सगळे छान कमी. चला, याचे तरी काम झाले, असे तिच्या मनात येऊनही गेले. सकाळी ज्याच्या नावावर काही नव्हते त्याच्या नावावर दुपारी करार कुठून आला, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पण मान भरून आली होती, पुढचा फोन वाजत होता, आणि वरच्या नावात आडनाव तर तेच होते. तिने 'पाठवा' दाबले. कोटेशन खात्यावरच्या पत्त्यावर आपोआप मेलने जाते. कोणी विचारत नाही की बाई, नक्की ना?

थोड्या वेळाने थोरल्याचा फोन आला.

"भावताई, आम्ही काही मागितलं नव्हतं."

"काय?"

"तुमचं कोटेशन आलंय. सील, बेअरिंग. आमच्याकडून कोणी विचारलं नव्हतं."

तिने पडद्यावर वर बघितले. नाव थोरल्याच्या दुकानाचे होते.

"चुकून गेलंय हो ते. ते… फाडून टाका."

"मेल कसा फाडतात?"

"मग पुसून टाका. वाचू नका."

"वाचला."

पलीकडे खुर्ची करकरली. भावताईने रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला, जणू त्या कानाला काही वेगळे ऐकू येणार होते.

"समोरच्या पार्टीची यादी आहे ना?" थोरल्याने विचारले.

"मला नाही सांगता येणार."

"म्हणजे आहे." मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "इस्पितळाचं पंपघर."

धाकट्याचे ओढलेले शटर तिला दिसले, आणि लगेच त्याच्यामागे स्वतःची रिकामी खुर्चीही दिसली. आपल्याला आधी आपली काळजी वाटायला हवी होती की त्याची, हेही तिला कळेना.

"तीनच सील लावलीत," थोरला म्हणाला.

"यादीत तीनच आहेत."

"तिथे आता चार पंप आहेत. चौथा आत्ताच बसवलाय, मागच्या खोलीत. बाहेरून दिसत नाही. सगळे पंप वर्षभर अंगावर घ्यायचे तर तीनवर भरून कसं चालेल? चौथ्याचा खर्च खिशातून जाईल. चार टाका. बेअरिंगही त्याच हिशोबानं."

"बरं."

"आणि मी काही सांगितलेलं नाही," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

गोदामवाला चिठ्ठ्यांवर सही घ्यायला शेजारी येऊन उभा होता. तिचा उतरलेला चेहरा बघून त्याने काय झाले ते विचारले आणि तिने सांगून टाकले.

"म्हणजे एका भावाचा भाव तुम्ही दुसऱ्या भावाला दिलात?" गोदामवाला म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खो-खो हसायला लागला. मग भावताईकडे बघून त्याने हसणे आवरले, सही न घेताच चिठ्ठ्या उचलल्या आणि गेला. जाता जाता पंख्याचे तोंड तिच्या बाजूला वळवून गेला.

चुकलेले कोटेशन रद्द करायला साहेबांची परवानगी लागायची. साहेब म्हणजे जुन्या मालकांचे जावई. माघारी सगळे त्यांना जावईबापू म्हणायचे, आणि ते त्यांना ठाऊक होते. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवायचा नाही, बसायला सांगायचा, पाणी विचारायचा. त्यामुळे त्याच्या खोलीतून बाहेर आल्यावर राग नेमका कशाचा आला आहे ते सापडत नसे.

"ताई, तुमच्यासारख्या अनुभवी माणसाकडून असं व्हावं?" साहेब हळहळून म्हणाले. "रद्द करून टाकतो. तुम्ही फक्त लेखी द्या, काय झालं ते. फाइलला लावायला."

"देते. साहेब, त्या धाकट्याला तोच करार भाव देता येईल का?"

"तो नवीन ग्राहक आहे ना?"

"नवीन कसला? हाफ चड्डीत होता तेव्हापासून येतोय."

"सिस्टिममध्ये नवीन आहे ना पण?"

"सिस्टिममध्ये आहे."

"मग छापील." साहेबांनी हात पसरले. त्यांच्याही हातात काही नाही असा त्याचा अर्थ असायचा. "उद्या दुसरा म्हणेल, माझ्या चुलत्याचा करार होता. कुठे थांबायचं? आणि ताई, एक करा. त्या धाकट्याला हे मेलचं वगैरे काही सांगत बसू नका. कंपनीचं नाव खराब होतं. नवीन कोटेशन द्या त्याच्या हातात, विषय संपला."

भावताईने कागदावर झाला प्रकार लिहून दिला. लिहिताना तिला स्वतःचीच दया आली. इतकी वर्षे बिनचूक पाठवलेल्या कोटेशनांबद्दल कोणी कधी तिच्याकडून लेखी घेतले नव्हते.

मग तिने एकेक अंक बघत, ओठांनी पुटपुटत, धाकट्याचा नवा क्रमांक टाकला. वरचे नाव दोनदा वाचले. छापील भाव आले. सीलच्या पुढे तीन होते, तिथे चार केले. बेअरिंगही वाढवले. छापून काढले आणि उलटे करून टेबलावर ठेवले.

संध्याकाळी धाकटा आला तेव्हा बाकीची टेबले उठायला लागली होती. त्याने उभ्या-उभ्याच कागद वाचला. छापील भावांची तयारी करूनच आलेला होता. मग त्याचे बोट एका ओळीवर थांबले.

"मी तीन लिहिले होते."

'टाइप करताना चुकलं असेल,' एवढे म्हटले असते तर भागले असते. साहेबांनीही काही सांगू नका म्हटले होते. पण मग त्याने त्या चारचे पुन्हा तीन करून घेतले असते. आणि ते नसते तरी, त्याच्या तोंडावर खोटे बोलायला अंगात त्राण लागते, ते भावताईकडे उरले नव्हते. सकाळी 'मी कोणाला कशाला सांगू' म्हटलेले तिला दिवसभर बोचत होते.

"बस," ती म्हणाली. "माझ्या हातून घोळ झालाय. दुपारी तुझी यादी मी जुन्या क्रमांकावर टाकली. कोटेशन थोरल्याकडे गेलं."

तो बसला नाही. "सगळं?"

"सगळं."

"ताई, तुम्ही?" त्याचा आवाज चिरकला. "दुसऱ्या कोणी केलं असतं तर… तुम्ही, ताई?"

तिने मान खाली घातली. बोलून घेऊ दे त्याला, असे तिला वाटले. पण हातातला कागद त्याने दोनदा उलटसुलट केला.

"मग चार कुठून आले?"

"त्यांचाच फोन आला होता. तिथे चौथा पंप बसवलाय म्हणाले, मागच्या खोलीत. तीनवर भरलं तर खिशातून जाईल म्हणाले. 'चार टाका' म्हणाले आणि फोन ठेवला."

धाकटा आता बसला. खुर्चीवर नाही, काउंटरच्या बाजूला खोकी रचून ठेवली होती, त्यातल्या एकावर.

"आम्ही दोघं बघायचो तेव्हा तीनच होते," तो म्हणाला. "मी आत गेलोच नाही या खेपेला. म्हटलं, आपलंच तर पंपघर आहे, काय बघायचंय." मग म्हणाला, "म्हणजे तो जाऊन बघून आलाय."

"असेल."

"उगाच कोणी जातं का बघायला? त्यालाही भरायचंय. किंवा भरायचं होतं." तो कागदाकडे बघत होता. "गप्प बसला असता तरी मी बुडालो असतो, ताई. काम मिळालं असतं तरी बुडालो असतो. त्याला काही करावं लागलं नसतं. नुसतं गप्प बसायचं."

"हो."

"मग सांगितलं कशाला?"

"ते मला कसं कळणार? मी फक्त भाव देते," भावताई म्हणाली. आणि तिला एकदम रडू आले. ते रडू धाकट्यासाठी नव्हते आणि चुकीसाठीही नव्हते. दिवस फार लांबला होता, एवढेच. तिने चष्मा काढून पदराने पुसला. धाकट्याने बघून न बघितल्यासारखे केले, हे त्याने चांगले केले.

त्याने कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. "चारवर भरतो," तो उठून म्हणाला. "छापील तर छापील. पुढे बघू." दाराशी जाऊन तो थांबला. वळला नाही, तसाच पाठमोरा बोलला.

"आवाज कसा होता त्याचा?"

"म्हणजे?"

"खोकत होता का? मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. सारखा खोकायचा, कामात व्यत्यय यायचा नुसता. आता बरेच दिवस ऐकू येत नाही. दुकान उघडं असतं, पण त्याचा माणूस बसलेला असतो. बरा झालाय, की घरीच पडून आहे, कळायला मार्ग नाही."

"विचारायचं की मग."

"कसं विचारणार?"

भावताईने आठवून बघितले. दुपारी रिसीव्हर दोन्ही कानांना लावून झाला होता, पण तिला ऐकू आली होती ती फक्त स्वतःची धडधड. माणूस खोकला असता तरी तिला कळले नसते.

"लक्षात नाही रे," ती म्हणाली. "खरंच लक्षात नाही."

"असू दे," धाकटा म्हणाला आणि जिना उतरून गेला.

तिने संगणक बंद केला. डबा पिशवीत टाकला, पर्स खांद्याला लावली. साहेबांच्या खोलीतला दिवा विझला होता. गोदामाचे शटर खाली येत असल्याचा खडखडाट ऐकू आला. घरी जाऊन मानेला शेक द्यायचा, याखेरीज तिला आता काही नको होते. उभ्यानेच तिने फोन उचलला. थोरल्याचा फोननंबरही बोटांना पाठ होता.

"बोला भावताई," थोरला म्हणाला. "आता काय राहिलं?"

"काही नाही."

"भाव बदलला का?"

"भावासाठी नाही केला फोन." इतक्या वर्षांत कोणा गिऱ्हाइकाला आपण भावाशिवाय कधी फोन केला आहे का, ते तिला आठवेना. तिला उगाचच संकोच वाटला. "तुमचा खोकला कसा आहे, ते विचारायला केला."

पलीकडे पुन्हा खुर्ची करकरली.

"कोणाला हवंय?" थोरल्याने विचारले.

"धाकट्याला."

थोरला काहीतरी म्हणायला गेला, पण शब्दाच्या आधी खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यासारखी वाटली आणि पुन्हा आली. भावताईने खांद्यावरची पर्स काढून टेबलावर ठेवली, खुर्ची मागे ओढून ती बसली, आणि त्याचा खोकला थांबेपर्यंत तिने रिसीव्हर कानाशी धरून ठेवला.